उषाच्या बाजूचे पाटे

पद्माकर राऊतची ती गाडी सबंध पालघर तालुक्यात कुणाच्या म्हणून कामाची नव्हती. दोन माणसं बसली की भरली. सीटच्या मागे जेमतेम दोन पिशव्या मावतील एवढी खाच, डोक्यावर छप्पर म्हणून कापड, आणि उंची अशी की समोरून बैलगाडी आली तर गाडीवान वाकून आत कोण बसलंय ते बघायचा. एम. जी. नावाची ती विलायती चीज डहाणूच्या एका पारशी बाबाने परदेशी जाताना विकायला काढली, आणि बेटेगावजवळच्या आपल्या दगडाच्या खाणीत नुकताच जम बसलेल्या पद्माकरने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती पालघरला घरी आणली. आईच्या मागे त्याला वाढवणारी त्याची विधवा आत्या, रखमाबाई, ओटीवरून खाली उतरली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हिच्यात मी बसायचं कुठे, असं विचारून परत वर गेली.

पद्माकरची बायको उषा मात्र त्या दिवशी डाव्या सीटवर जाऊन बसली ती कायमची. रविवार आला की दोघं निघत. कधी केळव्याला, कधी शिरगावच्या किनाऱ्याला, पण बहुतेक वेळा बोईसरवरून चिंचणीला, तिच्या माहेरी. चिंचणीच्या गल्लीत शिरताना पद्माकर दोनदा भोंगा वाजवायचा, तिची आई ओट्यावर येऊन उभी राहायची, आणि उषा गाडीतून उतरताना अशी काही ऐट करायची की शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्षं गेली. मूल काही झालं नाही, आणि दोन माणसांची गाडी दोन माणसांना पुरत राहिली. त्याचं दुःख दोघांनाही होतं, पण रविवारी गाडी सुरू झाली की तेवढ्यापुरतं ते घरी राहायचं.

पद्माकर तसा साधा माणूस, पण गाडीच्या बाबतीत त्याला मधूनच शिंगं फुटायची. मुंबईचा त्याचा एक मित्र जुहूच्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यतीत उतरायचा. त्याने सांगितलं की अशी हलकी गाडी मऊ ठेवायची नसते, वळणावर कलंडते, तिला कडक कर. झालं. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या ज्या कमानी असतात, ज्यांना आपल्याकडे पाटे म्हणतात, त्यांत पद्माकरने दोन्ही बाजूंना एकेक जादा पट्टी घालून घेतली. धक्के पचवणाऱ्या शॉकपमध्ये जाड तेल भरलं. मग गाडी वळणावर हूं की चूं करेना, पण खड्ड्यात गेली की पाट्यावर वरवंटा आपटावा तशी आपटायची. तो विचारायचा, "लागलं का?" आणि उषा कंबर धरून म्हणायची, "माजी हाडं मोजून झाली, आता तुमची मोजा."

ही चेष्टा पुढे त्याला फार छळणार होती.

उषाचं दुखणं आधी छातीत निघालं. मुंबईला नेऊन ते कापून काढलं, आणि वर्षभर वाटलं की गेलं. सहासष्टच्या पावसाळ्यात पाठ दुखायला लागली तेव्हा पालघरच्या डॉक्टरांनी पद्माकरला बाजूला घेतलं आणि ते कण्यात उतरल्याचं सांगितलं. दिवाळीपर्यंत उषाला नुसतं कूस बदलणंही नकोसं झालं. रोज सकाळी पद्माकर तिला उचलून ओटीवरच्या आरामखुर्चीत ठेवायचा आणि उन्हं चढली की परत आत न्यायचा. तिच्या तोंडून हूं की चूं निघत नसे, पण खुर्चीत टेकवताना तिची बोटं त्याच्या दंडात रुतायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती त्या खुर्चीतून म्हणाली, "मला एकदा चिंचणीला न्या. पण माज्या जागेवर बसून. झोपवून नाय."

तिच्या आईला काहीच धड सांगितलेलं नव्हतं. म्हातारीला गुडघ्यांनी धरलं होतं, तिला पालघरपर्यंत येणं होत नव्हतं, आणि लेक येत नाही म्हणून ती रोज कुणा ना कुणाबरोबर निरोप धाडत होती. उषाचं म्हणणं एवढंच होतं की आईने मला गाडीतून उतरताना बघावं, मग पुढे काय व्हायचं ते होऊ दे. पद्माकर डॉक्टरांकडे गेला. ते नको म्हणतील अशी त्याची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर त्याची तीच इच्छा होती. डॉक्टर म्हणाले, न्या. गचके बसू देऊ नका एवढंच बघा. आता नाही म्हणण्यासारखं काही उरलं नाही, असाच त्या न्या म्हणण्याचा अर्थ होता.

आता गचके बसू द्यायचे नाहीत म्हणजे काय, ते तो रस्ता पाहिलेल्यालाच कळेल. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. दगड, खडी, सिमेंट, लोखंड, सगळं त्याच रस्त्याने जायचं. ट्रकांनी रस्त्याची चाळण करून टाकली होती. आणि त्यातले निम्मे खडीचे ट्रक खुद्द पद्माकरच्या खाणीतून निघत होते. ज्या रस्त्याने बायकोला अलगद न्यायचं, तो आपणच चाकाखाली घालून मोडला, ही गोष्ट त्याला रोज खाणीवर जाता-येता बोचायची. बोलणार कुणाकडे?

तो गेला बन्सीकडे. बन्सी साताऱ्याकडचा. लष्करात ट्रक दुरुस्तीचं काम शिकलेला, आणि बोईसर स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये पद्माकरचे ट्रक बघायचा. माणूस तोंडाचा फटकळ, हाताचा मात्र हळुवार. त्याने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, खाली शिरला, आणि बराच वेळ नुसताच पडून राहिला. बाहेर आला तो मान हलवत. शॉकपमधून तेल गळत होतं, जोडांमधली रबरं कुजली होती, पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, आणि ते जादाचे पाटे ज्याने सुचवले त्याला एकदा इथे आणा, असं तो म्हणाला.

काय करायचं याचा मग दोघांनी तीन दुपारी खल केला. मुंबईच्या मित्राचा सल्ला होता की जुनं सगळं काढून फेक, नवीन धर्तीचे नळीसारखे शॉकप मागव. ते विलायतेहून यायचे, कधी यायचे याचा भरवसा नाही, आणि पद्माकरकडे काय नव्हतं तर वेळ. नुसती रबरं बदलून जुन्या पाट्यांना तेल पाजावं, तर गाडी पूर्वीइतकी आपटणार नाही, पण आपटेल. सगळंच मऊ करून टाकावं, तर मोठ्या खड्ड्यात चाक वर जाऊन लोखंडाला लोखंड भिडेल, आणि तो दणका दहा लहान गचक्यांहून वाईट. पद्माकर एकदा हे म्हणायचा, एकदा ते. ट्रकांच्या बाबतीत चुटकीसरशी निर्णय करणारा माणूस, त्याला आता एका पट्टीवरून ठरवता येईना.

शेवटी बन्सीनेच शेडबाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. तारापूरहून माल टाकून परतणारा एक रिकामा ट्रक खडखडत, उड्या मारत चालला होता.

"रिकामा ट्रक कसा उडतोय बगा. ह्योच भरलेला असला की डुलत जातोय. पाटं वजनावर बसत्यात, शेट. तुमचं वजन मला ठावं हाय. वयनींचं सांगा. मी त्यांची बाजू त्यांच्या वजनावर बसवतो, गाडी पाळन्यावानी जाईल. पन वजन चुकलं तर माज्या हातात काई न्हाई."

पद्माकर म्हणाला, "पाच ढेपा."

बन्सी हसायला लागला आणि पद्माकरचा चेहरा बघून हसायचा थांबला.

त्याचं असं होतं. सहा वर्षांपूर्वी उषाला विषमज्वर झाला होता. त्यातून ती उठली तेव्हा रखमाबाईने केळव्याच्या शीतलादेवीला बोललेला नवस फेडला, उषाला तागडीत बसवून तिच्या भारंभार गूळ वाहिला. पाच ढेपा आणि वर एक नारळ. तेव्हापासून घरात उषाचं वजन म्हणजे पाच ढेपा. तिने दुसऱ्यांदा भात घेतला की पद्माकर म्हणायचा, सहावी आणू का. आता या दुखण्यात रखमाबाईने पुन्हा तोच नवस बोलला होता. पाच ढेपा आधीच आणून, स्वच्छ फडक्यात बांधून कोठीत ठेवल्या होत्या. आणि घरात सक्त ताकीद दिली होती, की देवीच्या तागडीत बसेपर्यंत उषाला दुसऱ्या कुठल्या तागडीत बसवायचं नाही, डॉक्टरांच्या काट्यावरसुद्धा नाही. मध्येच वजन केलं तर देवीच्या मापावर विश्वास नाही असं होतं.

पद्माकर एरवी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. मुंबईला शिकलेला. पण आत्याची ही आज्ञा त्याने मुकाट्याने पाळली, कारण ती त्याच्या सोयीची होती. रोज सकाळी तो तिला उचलत होता. कार्तिकात लागत होती तेवढी ताकद मार्गशीर्षात लागत नव्हती, हे त्याच्या हातांना चांगलं ठाऊक होतं. पण हातांनी सांगितलेलं त्याने कधी डोक्यापर्यंत जाऊ दिलं नाही. मेकॅनिकने वजन विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते खोटं सांगायचं म्हणून नव्हे. पाच ढेपा सोडून काही वेगळं म्हणायला त्याची जीभ उचललीच नाही.

बन्सीची कामाची रीत अशी होती की वजन प्रत्यक्ष सीटवर ठेवायचं, मग पाटे बसवायचे. आकड्यावर त्याचा विश्वास नव्हता. पद्माकरने घरी येऊन आत्याला विचारलं. नवसाचा गूळ गॅरेजमध्ये न्यायचा म्हटल्यावर ती कोठीत जाऊन ढेपांवरचं फडकं सारखं करून आली. मग उषासाठीच आहे तर देवी रागावणार नाही, असं तिने ठरवलं, आणि धुतलेली चादर दिली. गूळ जमिनीवर टेकवायचा नाही, आणि हात लावणाऱ्याने पायतण काढायचं, एवढं बजावलं. बन्सीने ते अक्षरशः पाळलं. ग्रीसने माखलेले हात रॉकेलने धुतले, मग साबणाने धुतले, चपला शेडबाहेर काढल्या आणि एकेक ढेप उचलून डाव्या सीटवर चादरीत ठेवली.

मग काम चाललं. जादाचे पाटे निघाले. उरलेले लोहाराच्या भट्टीत लाल करून, ठोकून, हव्या त्या बाकात आणले. शॉकपमध्ये पातळ तेल गेलं, जाड टायर कापून नवीन रबरं बनली. बन्सी पाटे चढवायचा, मागचं चाक आणि त्यावरची चिखलपट्टी यांच्या मध्ये हात घालून बघायचा, परत उतरवायचा. गुळाच्या भाराने गाडी खाली बसून त्या फटीत नेमकी चार बोटं मावायला लागली तेव्हा त्याने पान्हा खाली ठेवला.

पद्माकरने त्या ढेपा शेजारी घेऊनच कुंभवलीपर्यंत चक्कर मारली. आणि काय सांगावं, गाडी गेली ती लोण्यातून सुरी जावी तशी. खड्डा यायचा, गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी खाली-वर व्हायची आणि पुढे जायची. एका मोठ्या खड्ड्यातून गेल्यावर सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "लागलं का?" शेजारी गूळ. तो मोठ्याने हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. त्याला खरंच वाटायला लागलं की हे साधेल, आणि एवढं साधलं तर कोण जाणे, आणखीही काही साधेल.

शुक्रवारी चिंचणीला निरोप गेला. रविवारी सकाळी बन्सी स्वतः गाडी घेऊन पालघरला आला. त्याला आपलं काम वयनी बसल्यावर बघायचं होतं. ढेपा रखमाबाईने परत कोठीत नेऊन ठेवल्या. उषाने हिरवं लुगडं नेसायचं ठरवलं होतं, ते नेसवताना रखमाबाईला एरवीपेक्षा कितीतरी जास्त निऱ्या घालाव्या लागल्या. पद्माकरने उषाला उचललं, ओटीच्या पायऱ्या उतरला, आणि तिच्या जागेवर, उशी लावून ठेवलेल्या सीटवर तिला अलगद बसवलं. मग वळसा घालून जाऊन आपल्या जागी बसला.

उजवी बाजू त्याच्या भाराने खाली गेली. डावी जिथल्या तिथे राहिली.

बन्सी डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. त्याने फटीत बोटं घातली. मग सबंध पंजा घातला. पंजा आत जाऊन वर जागा उरली. पद्माकरने मागे वळून त्याच्याकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं, आणि मान परत पुढे वळवली.

"काय झालं?" उषाने विचारलं.

बन्सी उठला. त्याने पद्माकरकडे न बघता सांगितलं की चार दिवस द्या, वयनींच्या बाजूचे पाटे परत भट्टीत घालून बसवून आणतो, अशी नेली तर उडेल. उषा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डावीकडे हात खाली सोडून दाराच्या कडेवरून जमीन किती लांब आहे ते पाहिलं. गाडीत एवढी वर्षं बसलेली बाई ती, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"चार दिवस कुटून आनू, बन्सीभाऊ?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमी त्या ढेपांचं वजन सांगितलं ना?"

पद्माकरने मान डोलावली.

"मंग ढेपाच आना. कमी पडतो तेवडा गूळ मागं ठेवा."

सगळे रखमाबाईकडे बघायला लागले. ती ओटीच्या खांबाला धरून उभी होती. देवीच्या तागडीशिवाय वजन करायचं नाही असं सांगणारी तीच, आणि आता तिच्याच अंगणात, दिवसाढवळ्या, तिच्याच गुळाने ते व्हायचं होतं. तिने नाही म्हटलं असतं तर कुणी तिला मोडता घातला नसता. ती आत गेली आणि फडक्यासकट एक ढेप घेऊन आली.

बन्सीने चपला काढल्या. ढेप घेऊन उषाच्या पाठीमागच्या खाचेत ठेवली, चाकापाशी बसून हात घातला. रखमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. एवढ्यावर भागू दे, असं ती मनात म्हणत असणार, तिचे ओठ हलत होते. बन्सीने मान हलवली. ती परत आत गेली. या वेळी तिला यायला वेळ लागला. दुसरी ढेप ठेवली तशी गाडी जराशी कुरकुरली आणि डावीकडून खाली बसली. बन्सीने फटीत बोटं घातली. चार.

गेल्या सहा महिन्यांत डॉक्टरांनी, नवऱ्याने, आत्याने, कुणीही उषासमोर उच्चारलं नव्हतं ते आता गाडीनेच सगळ्यांसमोर दाखवलं. पाचातली उषा तीनच उरली होती. रखमाबाई पायरीवर बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. देवीची तागडी आता लागणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

उषा मान मागे वळवून ढेपांकडे बघत होती. "दोनच?" ती म्हणाली. "मला वाटलं जास्त लागतील."

मग तिने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि निघायला सांगितलं.

गाडी उमरोळीवरून, बेटेगावावरून, बोईसरवरून गेली. रविवार असूनही ट्रक चालू होते, पण खाणीच्या ड्रायव्हरांनी मालकाची गाडी ओळखून बाजूला घेतले. पद्माकर प्रत्येक खड्ड्यानंतर विचारत होता, लागलं का, आणि ती म्हणत होती, नाय. एकदा त्याने खरं सांग म्हटल्यावर तिने सांगितलं, लागतं, पण ते गाडीचं नाय. बन्सीने शब्द पाळला होता. कुंभवली मागे पडली तशी तिने हात मागे नेऊन ढेपेचा एक खडा मोडला आणि तोंडात टाकला. नवसाचा गूळ उष्टा केला म्हणून पद्माकरने दचकून बघितलं, तर ती खडा चघळत समोर बघत होती. मग दुसरा खडा मोडून तिने त्याच्याही तोंडात घातला.

चिंचणीच्या गल्लीत त्याने दोनदा भोंगा वाजवला. आई ओट्यावर येऊन उभीच होती. उषाने त्याला उचलू दिलं नाही. दार धरून, त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून, पण आपल्या पायांनी ती खाली उतरली आणि लुगड्याच्या निऱ्या झटकून नीट केल्या. शेजारच्या बायका या वेळी हसल्या नाहीत. आई म्हणाली, "किती बारीक झालीस गो." उषा म्हणाली, "एवड्याशा गाडीत मावायला नको का?"

म्हातारी हसली. तिला पटलं की नाही कोण जाणे. माय ती, तिला काय कळायचं ते कळलं असेलच, पण लेक ज्या ऐटीसाठी एवढी आली होती ती तिने मोडली नाही. दुपारभर उषा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली आणि पद्माकर अंगणात गाडीपाशी उभा राहिला. परतताना ती वाटेत झोपी गेली. तो इतका हळू चालवत होता की सायकलवाले त्याच्या पुढे गेले.

पौष संपायच्या आत उषा गेली.

तेराव्याला बन्सी आला होता. निघताना त्याने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, सवडीने शेडवर आणा, आता एकट्याच्या हिशोबाने डावी बाजू बसवून देतो. पद्माकरने बघू म्हटलं. त्या दिवसाच्या गोडाला कोठीतला गूळ मात्र रखमाबाईने घेतला नाही, बाहेरून आणवला. नवसाचा गूळ, घरात खाता येत नाही. आणि नवस तर पुरा झाला नाही, मग देवीला कोणत्या तोंडाने वाहायचा? पाच ढेपा, त्यांतल्या एकीचा कोपरा मोडलेला, तशाच फडक्यात राहिल्या. त्यांना मुंग्या लागायला लागल्या. रखमाबाई रोज झाडायची आणि रोज रडायची.

पुढच्या एका रविवारी पद्माकर उठला, आंघोळ केली, कोठीतून ढेपा काढल्या आणि एकेक करून डाव्या सीटवर धुतलेल्या चादरीत ठेवल्या. वर नारळ ठेवला. आत्याने विचारलं, कुठे. तो केळव्याला म्हणाला. तिने विचारलं, कशाचं सांगणार आहेस देवीला. तो म्हणाला, "काय सांगायचं नाय. तिचं वजन हाय, पोचवून येतो."

पालघरजवळच्या माहीमवरून केळव्याला जाणारा रस्ताही काही धड नव्हता, पण त्याला तो जाणवला नाही. गाडी डुलत गेली, दोन्ही बाजूंनी सारखी, बन्सीने त्या दिवशी शेडमध्ये बसवून दिली होती तशी. कण्याला एक हादरा लागला नसता. देवळात पुजाऱ्याने विचारलं, कुणाचा नवस फिटला. पद्माकरने कुणाचा नाही म्हणून सांगितलं, आणि तरी गूळ ठेवून घ्या म्हटलं. पुजारी म्हातारा होता, त्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ढेपा आत घेतल्या. मोडक्या कोपऱ्याबद्दल काही विचारलं नाही.

परतताना डावी बाजू वर उचललेली होती. देवळाच्या कमानीपाशीच पहिला खड्डा लागला आणि रिकामी सीट थाडकन उडाली. पुढे माहीमपर्यंत ती तशीच उडत, खडखडत आली. पाटे बिचारे पाच ढेपांची वाट बघत होते. एका खड्ड्यात फारच आपटली तेव्हा त्याने मान डावीकडे वळवून विचारलं, "लागलं का?" आणि मग गाडी बाजूला घेऊन, स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. रस्त्यात चाललेल्या कोळणी टोपल्या सावरत थांबल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या.

सोमवारी खाणीवर ट्रक बघायला आलेल्या बन्सीने गाडी कधी आणताय म्हणून विचारलं. पद्माकर म्हणाला, राहू दे. बन्सीला वाटलं, त्याला नीट समजलं नसावं. त्याने पुन्हा समजावलं की एक पाटा काढायचा, दुपारचं काम आहे, नाहीतर रिकाम्या बाजूचा प्रत्येक खड्डा कळणार.

"कळू दे," पद्माकर म्हणाला. "ती बाजू तिच्या वजनावर हाय. तशीच ठेव."

बन्सीने मान डोलावली आणि तो ट्रकाखाली शिरला.